आधी आडोसा, मग तांब्या

बेळगावच्या गणपत गल्लीत सकाळी सहाला भाजीची बुट्टी मांडून बसलेली बाई दुपारी दोनपर्यंत किती पाणी पिते? तहान लागेल तेवढं नक्कीच नाही. जवळचं स्वच्छतागृह किती लांब आहे, त्याला आतून कडी लागते का, तेवढ्या वेळात बुट्टीकडं कोण बघणार, याचा हिशेब करून ती जेमतेम दोन घोट घेते. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांचा हिशेब हाच. येळ्ळूरच्या शिवारात भाताची लावण करणाऱ्यांचा, चिकोडी-रायबागच्या उसाच्या फडातल्या कोयतेवालींचा आणि सातवी-आठवीतल्या मुलींचाही हाच. घरातून निघताना पाणी टाळायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. जागा नसल्यानं ते अंगवळणी पडलं.

मार्च उजाडला की सल्ले सुरू होतात. भरपूर पाणी प्या, बाटली जवळ ठेवा, आठ ग्लास मोजा. सल्ल्यात चूक नाही, पण तो भलत्याच माणसाला दिला जातो. सीमाभागात पाणी कमी प्यायलं जातं ते अडाणीपणामुळं कमी आणि गैरसोयीमुळं जास्त, असं आमचं ठाम मत आहे. ग्रामपंचायत असो, शाळा असो, कारखाना असो की ऊसतोडीचा मुकादम, लोकांना पाणी प्यायला सांगणाऱ्यानं आधी लघवीला जायला बंद दाराची जागा द्यावी, जाऊन यायला दहा मिनिटं द्यावीत आणि पिऊन कुणी आजारी पडणार नाही असं पाणी द्यावं. एवढं दिल्यावर उपदेशाला फारसं काही उरत नाही. माणूस आपोआप पाणी पितो.

आठ ग्लासांचंही एकदा नीट बघू. १९४५ साली अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळानं प्रौढ माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं, आणि त्यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, असंही लगेच पुढं लिहिलं होतं. दुसरं वाक्य मागं पडलं आणि पहिलं जगभर फिरलं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचा आकडा आजही तसाच आहे: बायकांना सुमारे दोन लिटर, पुरुषांना अडीच, आणि यात भात, आमटी, ताक, चहा, फळं सगळं धरलेलं. हा आकडा बेताच्या हवेत बेताचं काम करणाऱ्याचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्याला तो पुरणार नाही, आणि पावसाळ्यात घरी बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला आठ ग्लास मोजून पाजायची गरज नाही. आपल्याला किती पुरतं हे बघायची सोपी खूण लघवीचा रंग. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद आणि कमी होत असेल तर पाणी कमी पडलं. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ती भडक पिवळी होते, तेवढा अपवाद लक्षात ठेवायचा.

आता गैरसोयीची किंमत. मूत्राशयात साधारण तीनशे ते पाचशे मिलिलिटर मावतं. दर तीन-चार तासांनी जावं लागणं हे निरोगीपणाचं लक्षण. सात-आठ तास रोखून धरायचं, आणि त्यासाठी पाणीच प्यायचं नाही, असं चाललं की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. मग लघवीच्या मार्गाचा संसर्ग: जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. दुकानातून दोन गोळ्या आणून अर्धाच डोस घ्यायचा, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. वारंवार हा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० बायकांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. न वाढवणाऱ्यांना ३.२ वेळा. साध्या पाण्यानं आजार जवळपास निम्म्यावर आला. पण ही मात्रा बाजारात बसणाऱ्या बाईला लागू करायची, तर दीड लिटर पाण्यासोबत तिला दिवसातून तीन-चार वेळा जाता येईल अशी जागाही द्यावी लागेल. तिला नुसती बाटली देऊन भागायचं नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, ही चांगली गोष्ट आहे. मग प्रवास फुकट आणि लघवीला पैसे, अशी स्थिती एकाही बसस्थानकात राहता कामा नये.

शाळांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २०१९ मध्ये केरळातल्या शाळांनी पाण्याची घंटा सुरू केली: दिवसातून दोन-तीनदा घंटा वाजवायची आणि सगळ्या मुलांनी पाणी प्यायचं. लगोलग कर्नाटकातही तिची घोषणा झाली. कल्पना छान आहे. आता गणित मांडा. शाळेत १२० मुली, दोन शौचालयं, दहा मिनिटांची सुट्टी. एकीला दोन मिनिटं धरली तर दहा मिनिटांत दोन्ही मिळून दहा मुली जाऊन येतात. उरलेल्या ११० जणींनी पाण्याच्या घंटेला काय करायचं? त्या शहाण्या असतात, त्या पाणी पीत नाहीत. केंद्राच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेच्या निकषात ४० मुलांमागं एक शौचालय आणि तीन मुताऱ्या असा एक संच सांगितला आहे. या हिशेबानं १२० मुलींना असे तीन संच हवेत, शिवाय आत पाणी, कडी आणि झाकणाचा डबा. एवढं बांधून होईपर्यंत एक पैसाही न लागणारी सुधारणा मुख्याध्यापकांच्या हातात आहे: तास चालू असताना मुलीनं हात वर केला की कारण न विचारता जाऊ द्यायचं. सुट्टीतली गर्दी तिथंच फुटते. ‘आत्ताच तर सुट्टी झाली’ हे वाक्य वर्गात बोलायला बंदी घालावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

उसाच्या फडाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथलं नुकसान दिसायला वर्षं लागतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वात, ऊस तोडणाऱ्या तरण्या माणसांची मूत्रपिंडं निकामी होताना आढळली. ना मधुमेह, ना रक्तदाब. कडक उन्हात कष्ट आणि रोजच्या रोज शरीरातलं पाणी कमी पडणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. तिथल्या काही मळ्यांत पाणी, विश्रांती आणि सावली या तीनच गोष्टी नेटानं दिल्या गेल्या, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. आपल्याकडचा गळीत हंगाम थंडीत सुरू होतो म्हणून धोका कमी वाटतो. पण तो मार्च-एप्रिलपर्यंत रेंगाळला की अथणी-रायबागच्या उन्हात तोच फड तापतो. थंडीतली अडचण निराळी: गार हवेत तहान लागत नाही, आणि मोळ्या बांधून डोक्यावरून वाहताना घाम तर येतोच.

उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला दर १५ ते २० मिनिटांनी साधारण एक ग्लास, म्हणजे २००-२५० मिलिलिटर पाणी लागतं. तासाला पाऊण लिटर झालं. दहा माणसांच्या टोळीला सहा तासांसाठी पंचेचाळीस लिटर. म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन आणि वर एक कळशी, तीही फडाच्या मध्यावर, बांधाच्या पलीकडं नव्हे. सगळ्या टोळीला एक घागर हा हिशेब कधीच पुरा पडत नाही. उलटं टोकही गाठायचं नाही. तासाला दीड लिटरच्या वर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा करतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं ऊन लागलं, म्हणून त्याला आणखी पाणी पाजलं जातं. थोडं थोडं आणि सारखं, हा नियम. मीठ वेगळं फाकायची गरज नसते. भाकरीबरोबरचा खर्डा, लोणचं, ताकातलं मीठ घामाला पुरतं. जेवण टाळलं तरच कमी पडतं. आणि एक मोठी चूक: अंग दुखतं म्हणून पाणी कमी पडलेल्या अवस्थेत डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊन पुन्हा तोडीला लागणं. अशा वेळी ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आखडते. मुकादमाच्या खिशात गोळ्यांची पाकिटं असतात. त्याऐवजी पालासाठी ताडपत्रीचा एक तुकडा असला तर जास्त उपयोग होईल. त्याच ताडपत्रीतून बायकांसाठी चार खांबांचा आडोसाही होतो.

उन्हात काम करताना कुणी बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजायचा. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतत वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं.

पाणी भरपूर आणि जागाही आहे, पण पाणीच घाण असेल तर सगळंच मुसळ केरात. एकाच जिल्ह्यात आपल्याकडं दोन टोकं आहेत. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाचे मिलिमीटर हजारांत मोजावे लागतात, अथणीत शेकड्यांत. पूर्वेकडं बोअरचं पाणी जड आणि मचूळ, म्हणून लोक कमी पितात. पश्चिमेकडं आषाढात विहीर काठोकाठ भरते आणि शेणा-मातीचं पाणी आत उतरतं. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचा मोसम हाच. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळं हा विषय किरकोळ नाही.

विहिरीत पावडर टाकली, असं गावोगाव सांगितलं जातं. बहुतेक वेळा ती मूठभर वरून भिरकावलेली असते. त्यानं कडेच्या पाण्याला वास येतो आणि तळाशी काही पोचत नाही. नीट करायचं तर आधी पाणी मोजावं लागतं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, पाण्याच्या उंचीनं गुणा, मग ७८५ नं गुणा. आलेला आकडा लिटरांचा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथं साधारण ७० ग्रॅम. सहा मीटर व्यासाच्या मोठ्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर हाच आकडा साडेतीनशे ग्रॅमवर जातो. दोन्ही विहिरींना एकच मूठ कशी चालेल?

प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, बादली पाऊण भरेतो पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं निवू द्यायचं. खाली बसतो तो चुना. तो विहिरीत टाकला तर पाणी जड होतं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरानं पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आडवी-उभी जोरात हलवायची. मग तासभर कुणी पाणी काढायचं नाही. म्हणून हे काम रात्री, शेवटची घागर भरून झाल्यावर करावं. तासानं तपासणी संचात लिटरला निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला तर काम झालं. नाही दिसला तर पाण्यात घाण जास्त होती आणि तिनं क्लोरीन खाऊन टाकला, पुन्हा मात्रा द्यायची. पावडरचं पोतं उघडं राहिलं की तिचा जोर उडून जातो. गेल्या वर्षीच्या फुटक्या पोत्यातली पावडर टाकणं म्हणजे विहिरीत पांढरी माती टाकणं. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ओढ्याचं पाणी आणणारी घरं आहेत. त्यांना सांगायला हवं, की तो मंद वास ही पाणी राखलं जात असल्याची खूण आहे.

तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू मारत नाही. गाळून आणि निवळून घेतलेलं पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरे. बेळगावच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या थोडं खालीच उकळतं, पण जंतूंना तेवढं बास होतं. अर्धा तास गॅस जाळायचा नाही. खरी चूक पुढं होते: उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला काढला की मेहनत वाया. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ घरात असायलाच हवा.

गावातल्या शुद्ध पाणी केंद्रातून भरलेल्या कॅनचंही तसंच. तिथल्या शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीनचा अंशही नसतो, त्यामुळं कॅन मळका असेल तर पाणी पुन्हा बिघडायला अडवणारं काही उरत नाही. शहरात दर काही दिवसांनी येणाऱ्या चावीच्या पाण्याचा धोका वेगळा आहे. पाइप रिकामा असताना आतला दाब उतरतो आणि गटाराशेजारच्या फुटक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं धुण्या-सारवण्याला घ्यावीत, पिण्याची बिंदगी नंतर भरावी. चोवीस तास पाणी ही चैन नसून आरोग्याची बाब आहे ती याच कारणानं: पाइप सतत भरलेला राहिला तर घाण आत शिरत नाही. २००८ पासून बेळगावच्या काही वॉर्डांत ते चालू आहे. एका वॉर्डात जमलं ते शेजारच्या वॉर्डाला इतकी वर्षं का मिळू नये, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला पाहिजे. साठवणुकीमुळं डेंग्यूचा डासही पोसला जातो. त्याचं चक्र आठ-दहा दिवसांचं, म्हणून पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करायची.

जुलाब लागलेच तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. औषधाच्या दुकानातलं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएसचं, म्हणजे क्षार-साखरेचं पाकीट यापेक्षा चांगलं, पण एक लिटरचं पाकीट एक लिटरातच घालायचं. ग्लासात अर्धं पाकीट हा घातक काटकसरीपणा. रंगीत गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस असं छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते योग्यच झालं. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. रोजच्या उन्हाला मात्र यातलं काही लागत नाही. नाचणीची आंबील, पातळ ताक, आमसुलाचं सार, हुलग्याचं माडगं हे आपल्या स्वयंपाकघरातलंच पुरतं. चहानं शरीरातलं पाणी उडतं हा समज खरा नाही, चहाही पाण्याच्या हिशेबात धरावा. आक्षेप आहे तो दिवसातल्या आठ कपांबरोबर पोटात जाणाऱ्या साखरेला. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, त्यांच्यासाठी जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळांना पाणी जोडून द्यावं. हृदय अशक्त असलेल्यांना आणि डायलिसिसवर असलेल्यांना डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा असते. त्यांना प्रेमानं जास्त पाजू नये.

या सगळ्याला पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. आडोसा, ताडपत्री, दोन कॅन, सत्तर ग्रॅम पावडर, वर्गातून उठायची परवानगी. यातल्या बऱ्याच गोष्टी आजच्या आज होण्यासारख्या आहेत. कारखान्यांसाठी तर हे १९४८ च्या कायद्यातच लिहिलं होतं: पिण्याचं पाणी मुतारी आणि गटारापासून सहा मीटर दूर हवं, आणि ‘पिण्याचं पाणी’ ही पाटी बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत हवी. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत हा नियम, आणि त्याच कारखान्यासाठी फडात राबणारा माणूस मात्र मुकादमाच्या मर्जीवर. ऊसतोडीच्या करारातच पाण्याचे लिटर आणि आडोशाची संख्या लिहिली गेली पाहिजे, आणि ती तपासायला कारखान्याचा शेतकी माणूस फडात गेला पाहिजे.

भाषेचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण एरवी तो आरोग्याशी संबंध नसल्यासारखा बाजूला सारला जातो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ साली केंद्रानं आखलेल्या तरतुदींत, ज्या भागात त्यांची वस्ती १५ ते २० टक्के आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, असं म्हटलं आहे. पाणी उकळून प्या, अमुक विहीर आठ दिवस बंद, यापेक्षा महत्त्वाची सूचना कोणती? खानापूर तालुक्यातल्या ज्या सत्तरीच्या आजीला फक्त मराठी वाचता येतं, तिच्यापर्यंत कानडी पत्रक पोचलं तरी सूचना पोचत नाही. आणि त्याच गल्लीतल्या कानडी शेजाऱ्याला मराठी पाटी तितकीच मुकी. विहिरीच्या काठावर एक काळी फळी आणि खडू एवढंच लागतं. पावडर कधी टाकली, किती ग्रॅम, कुणी टाकली, आणि किती वाजल्यापासून पाणी भरायचं, हे आषाढ-श्रावणात रोज दोन्ही भाषांत लिहिलेलं असावं.